सड्यावरचा फळा आणि पाच ठिकाणची बातमी

मुलांनो, एक फळा डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटू नका. मिटलेत तर पुढचं वाचाल कसं? तुमच्या वर्गात असतो तेवढा मोठा नव्हे, त्याच्या निम्मा. तो चिऱ्याच्या भिंतीला ठोकलेला आहे. वर पत्रा, खाली खडू ठेवायची फळी, बाजूला खिळ्याला अडकवलेलं फडकं आणि भिंतीला लागूनच एक नळ. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे सडा, म्हणजे आपला जांभ्या दगडाचा उघडा माळ. जयंती नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे फळ्याच्या चौकटीला निळ्या पताकेचा एक तुकडा अजून चिकटून आहे. जमलं? आता फळ्यासमोर इस्त्रीचा सदरा घातलेले एक गृहस्थ उभे करा आणि त्यांच्या हातात खडू द्या. तुम्ही मात्र थोडे मागे सरका, कारण लिहिताना पाठीशी कोणी उभं राहिलेलं त्यांना खपत नाही.

हे महेंद्र तांबे. रत्नागिरीत नाचण्याच्या पुढे जी समता कॉलनी आहे, तिथे सगळे त्यांना तांबेकाका म्हणतात. सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात नोकरी झाली. येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा आणि जाणारा प्रत्येक कागद त्यांच्याच टेबलावरून जायचा. कागदात काय आहे हे इतरांनी बघायचं. तो आला आणि गेला, एवढं तांबेकाकांनी बघायचं. निवृत्त झाल्यावर येण्याजाण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्यांनी कॉलनीच्या फाटकाशी हा फळा लावून घेतला. सकाळी वर्तमानपत्र वाचायचं, मोठ्या बातम्या निवडायच्या, वळणदार अक्षरात लिहायच्या आणि कोपऱ्यात दीपगृहाचं लहानसं चित्र काढायचं. दीपगृहातून तीन किरण निघायचे. ते नसले तर बातम्या अधिकृत नाहीत, असं खुद्द तांबेकाकांचं मत होतं. इतर कोणाचं त्यावर काही मत नव्हतं.

तंटा उभा राहिला तो गुरुप्रसादमुळे. गुरुप्रसादचं पाण्याच्या टाक्या आणि पिंपांचं दुकान आहे आणि फाटकाजवळच्या भिंतीवर त्याचा फार दिवस डोळा होता. एका सकाळी तो दूध घेऊन परत जाताना फळ्याशी थांबला.

"काका, हे सगळं काल रात्रीच बघून झालं," तो म्हणाला.

"कुठे बघितलंस?"

"मोबाईलवर. तुम्ही आज लिहिता ते पेपरात आज येतं, म्हणजे काल घडलेलं असतं. शिळं आहे हो सगळं. रविवारच्या सभेत मी एक विषय मांडणार आहे. ही भिंत मला द्या, मी चांगला रंगीत फलक लावतो. कॉलनीची शोभा वाढेल."

"कसली शोभा? तुझ्या पिंपांची?"

"पिंपंसुद्धा आता छान रंगांत येतात, काका."

शिळं हा शब्द तांबेकाकांना लागला. भातापासून भाकरीपर्यंत शिळं काय काय असतं ते त्यांना माहीत होतं आणि त्या यादीत आपला फळा बसवायला ते तयार नव्हते. जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. त्यांच्या पत्नीने, कमलाकाकूंनी, विचारलं, "मीठ जास्त झालं का?"

"बातमी शिळी झाली," तांबेकाका म्हणाले.

"मग फोडणी द्या," काकू म्हणाल्या आणि ताक वाढायला उठल्या.

त्यांची नात वेदिका सातवीत होती. तिने आजोबांचा चेहरा बघितला आणि जेवण झाल्यावर बाबांचा जुना लॅपटॉप टेबलावर आणून ठेवला. "आजोबा, तुम्हाला फीड रीडर लावून देते. बातमी आली की लगेच तुमच्यासमोर."

फीड म्हणजे काय, हे वेदिकाने आजोबांना समजावलं तसंच आपणही समजून घेऊ. घाई नाही. समजा, तुम्हाला रोज ताजी मासळी हवी आहे. एक मार्ग असा, की मिरकरवाड्याच्या बंदरावर जायचं आणि एकेका होडीपाशी थांबून विचारायचं, आज काही मिळालं का? निम्म्या होड्या म्हणणार, काही नाही. पाय दुखणार, ऊन लागणार. दुसरा मार्ग असा, की कॉलनीत मासळी विकायला येणारी तुळसा कोळीण सगळ्या होड्यांवरचं नवीन तेवढं टोपलीत घालून तुमच्या दारात येणार. आता होडीच्या जागी बातम्यांचं संकेतस्थळ ठेवा. आपल्याकडे आज काय नवीन आलं, हे प्रत्येक स्थळ ज्या चिठ्ठीत मांडून ठेवतं, ते फीड. आणि तुम्ही सांगाल तेवढ्या स्थळांच्या चिठ्ठ्या गोळा करून एका जागी दाखवणारी टोपली, तो रीडर. तुम्ही खुर्चीत बसायचं. टोपली दारात येते.

तांबेकाकांना ही व्यवस्था फार आवडली. सगळं एकाच टेबलावर येतंय, न वाचलेल्यांचा आकडा बाजूला दिसतोय, वाचलं की तो कमी होतोय. ही तर आवक होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांनी घरात बसून चष्मा रुमालाने दोनदा पुसला.

दुसऱ्या सकाळी फळ्यावर ज्या बातम्या आल्या, त्या वर्तमानपत्रात नव्हत्याच. गुरुप्रसाद दूध घेऊन थांबला, वाचलं आणि चालू लागला. तांबेकाका त्याच्या पाठीकडे ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.

इथेच थांबले असते तर ही गोष्ट तुम्हाला सांगावी लागली नसती. पण कॉलनीत कोणाकडे काही नवीन आलं की त्याला सल्ला देणं हा शेजारधर्म मानतात. समोरच्या गंगुबाईंचा मुलगा जहाजावर आहे. त्या म्हणाल्या, "तांबेभाऊ, त्या टोपलीत जहाजांच्या बातम्या पन घाला की. माजा झील सद्या खंयच्या दर्यात हाय ता तरी कळंल." जहाजांचं फीड घातलं. पावसला ज्यांची कलमं आहेत त्यांनी आंब्याच्या भावाचं मागितलं. लोट्याच्या कंपनीत पाळी करून सुट्टीला घरी येणाऱ्याने कारखान्यांचं मागितलं. एकाला क्रिकेट हवं होतं, एकाला रोजचं भविष्य. कमलाकाकू काही मागत नव्हत्या, पण सगळ्यांचं घालता आणि घरच्यांचं नाही, असा त्यांचा चेहरा झाला, म्हणून पाककृतींचं घातलं.

आकडा फुगला. आता तुमच्यासारख्याने काय केलं असतं? हवं ते वाचलं असतं, बाकीचं सोडलं असतं. पण ज्याने उभ्या नोकरीत एक कागद पडू दिला नाही, त्याला सोडता येत नाही. तांबेकाका सगळ्यात जुन्या बातमीपासून क्रमाने वाचू लागले. न्यूझीलंडमधला सामना, फणसाची भाजी, कुठल्यातरी सामुद्रधुनीत अडकलेलं जहाज, वृश्चिक राशीचे योग. आजच्या बातमीशी पोचेपर्यंत ती परवाची झालेली असायची. फळा वर्तमानपत्राच्याही मागे पडला.

"आजोबा, हे बटण दाबा," वेदिका म्हणाली. "सगळं वाचलं."

"पण मी वाचलेलं नाही."

"म्हणूनच दाबायचं. आकडा शून्य होतो."

"न वाचता वाचलं म्हणायचं?" तांबेकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आमच्याकडे याला खोटी सही म्हणत. एकाची पेन्शन थांबली होती अशाने."

वेदिकाने हात मागे घेतला.

शनिवार उजाडला. सभा दुसऱ्या दिवशी. तांबेकाकांनी रात्रीच ठरवलं होतं, की आज फळा असा लिहायचा की गुरुप्रसादच्या तोंडून विषय निघता कामा नये. त्यांनी लिहिलं, दीपगृह काढलं, आणि खाली वीतभर जागा उरली. मोकळी जागा त्यांना बघवत नसे. कागदावर मोकळी जागा सोडली तर कोणीही काहीही घुसडतं, ही जुनी शिकवण. तेवढ्यात गंगुबाई कळशी घेऊन नळावर आल्या.

इथे जानूची ओळख करून द्यायला हवी. कॉलनीची एक उंच टाकी आहे. जानू रोज सकाळी सायकलवरून येतो, लाईनची चावी फिरवतो, टाकी भरते आणि मग दिवसभर नळांना पाणी असतं. जानू आला की गंगुबाई त्याला हटकून विचारतात, चाय घेतंस काय?

"जानू काय आज दिसलो नाय," गंगुबाई म्हणाल्या. "उद्या पानी येतां की नाय, कोन जाने."

तांबेकाकांनी उरलेल्या जागेत लिहिलं: "उद्या कॉलनीत पाणी येणार नाही, असे समजते."

असे समजते. काय सुंदर शब्द आहेत बघा. कोणाला समजतं, कोणाकडून समजतं, काही सांगावं लागत नाही. वाक्य आपलं खुर्चीवर बसल्यासारखं दिसतं.

आता रस्त्याने सागर चालला होता. सागर हा मागच्या गल्लीतला तरुण. तो मोबाईलवर बातम्यांचं एक पान चालवतो आणि त्याला दिवसाला अमुक इतक्या बातम्या टाकाव्याच लागतात. त्याने फळ्याचा फोटो काढला आणि पुढे गेला. तांबेकाकांनी ते पाहिलं आणि सदरा खाली ओढून नीट केला.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी रीडर उघडला आणि सगळ्यात वर आलेल्या ताज्या बातम्या बघूनच ते खुर्चीत ताठ झाले. पहिली बातमी: सड्यावरील कॉलनीत उद्या पाणी नाही. दुसरी: नाचणे परिसरात पाणीपुरवठा बंद राहण्याची शक्यता. तिसरी: रत्नागिरीच्या काही भागांत पाणी बंद, विश्वसनीय सूत्रांची माहिती. चौथ्या ठिकाणी जाणकारांच्या मते उन्हाळा कडक होता. पाचव्या ठिकाणी नागरिकांत संताप होता.

"कमला," तांबेकाका म्हणाले, "पिंपं भर."

"का?"

"पाच ठिकाणी आलंय."

काकूंनी पिंपं भरायला घेतली. वेदिका गृहपाठ करत होती, तिने मान वर केली. "आजोबा, पण पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"पहिल्यांदा मीच लिहिलं सकाळी," तांबेकाका अभिमानाने म्हणाले. "पण माझं नुसतं 'असे समजते' होतं. या लोकांनी चौकशी केली असणार. सूत्रं आहेत, जाणकार आहेत. पाच टेबलांवरून फिरून आलेला कागद आहे हा, बाळ."

ते फाटकाशी गेले, वरच्या सगळ्या बातम्या पुसल्या आणि लाल खडूने फळाभर लिहिलं: "उद्या पाणी नाही. पाच ठिकाणांहून दुजोरा." मग त्यांना वाटलं, सरकारी शिक्का तेवढा राहिलाय. म्हणून ते रिक्षा करून पाण्याच्या कचेरीत गेले.

कचेरीत एकच बाबू होता आणि तो आंबा खात होता.

"उद्या समता कॉलनीचं पाणी बंद आहे का?" तांबेकाकांनी विचारलं.

"आहे ना."

"आदेश आलाय?"

"आदेश अजून यायचाय." बाबूने कोय बशीत ठेवली आणि स्वच्छ बोटाने मोबाईल पुढे सरकवला. "पण हे बघा, पाच ठिकाणी आलंय. एवढ्या ठिकाणी आलं म्हणजे वरून निघालंच असणार. आमच्यापर्यंत सगळ्यात शेवटी येतं. म्हणून मी आधीच सूचना लावून टाकली. उगीच लोकांची गैरसोय नको."

भिंतीवर खरोखरच सूचना होती. तांबेकाकांनी ती दोनदा वाचली. मजकुराची मांडणी निर्दोष होती. ते समाधानाने परत निघाले, आणि ते घरी पोचायच्या आत त्या सूचनेचा फोटो रीडरमध्ये येऊन बसला होता.

कॉलनीत तोवर काय चाललं होतं ते बघा. प्रत्येक नळ सुटलेला. पिंप, हंडे, कळश्या, बादल्या, डाळ शिजवायचे कुकर, एका घरी तर लग्नात आलेला आणि कधीच न वापरलेला चहाचा सेट. गुरुप्रसादच्या दुकानातली पिंपं तिसऱ्या प्रहरीच संपली. तो टेम्पोने आणखी मागवत होता. संध्याकाळी नळांनी एकदा खोकल्यासारखा आवाज केला आणि ते कोरडे पडले. अख्खी टाकी घराघरांत बसली होती.

"बघितलंत?" लोक एकमेकांना म्हणाले. "फळ्यावर उद्याचं लिहिलं होतं. आजच गेलं. फळा एक दिवस पुढे आहे."

गुरुप्रसाद घाम पुसत तांबेकाकांपाशी आला. "काका, मी विषय मागे घेतो. फळा इथेच राहू द्या. असं काहीतरी अधूनमधून लिहीत जा."

तांबेकाकांनी हे सगळं मोठ्या मनाने ऐकून घेतलं. घरी आले, तेव्हा वेदिका लॅपटॉपसमोर बसली होती. तिने पाण्याच्या बातम्या उलट्या लावल्या होत्या, सगळ्यात जुनी वर.

"आजोबा, हे बघा. पाचव्याने चौथ्याचं घेतलंय, चौथ्याने तिसऱ्याचं. वाक्यंसुद्धा तीच आहेत. आणि सगळ्यात पहिलं हे, सागरदादाचं. सूत्रांच्या माहितीनुसार लिहिलंय आणि खाली फोटो आहे."

फोटो धूसर होता. अक्षर लागत नव्हतं. पण कोपऱ्यात एक लहानसं दीपगृह होतं आणि त्यातून तीन किरण निघत होते.

तांबेकाकांनी बोट ठेवून ते किरण मोजले. मग म्हणाले, "सूत्र म्हणजे मी?"

"हो. तुळसामावशीच्या टोपलीत एकाच होडीची मासळी पाचदा आली, आजोबा."

तेवढ्यात बाहेर सायकल वाजली आणि तांबेकाका अंगणात आले. जानू पावसहून परत आला होता, मागे आंब्यांची पिशवी. गंगुबाईंनी त्याला अंगणातच पकडलं होतं आणि तो डोकं खाजवत उभा होता.

"मी सकाळी उजाडायच्या आदीच टाकी भरलंय," तो म्हणाला. "पावसला भाच्याचा साखरपुडा व्हता, म्हनून लवकर आलंय. पानी बंद हाय ह्या कोनी सांगितलान तुमाला? उद्या रोजच्यासारखा येल."

कोणी सांगितलं याचं उत्तर अंगणात एकाच माणसाला माहीत होतं. तो माणूस हळूच फळ्याकडे गेला. अंधार पडायला लागला होता. लाल मजकूर पुसायला फडकं ओलं करावं म्हणून त्यांनी नळ सोडला, नळ कोरडा. कोरड्याच फडक्याने पुसलं तर लाल रंग नुसता पसरला. त्यावर त्यांनी पांढऱ्या खडूने लिहिलं: "आधीची बातमी चुकीची आहे. उद्या पाणी येईल."

येणारे-जाणारे थांबले. "काका, हे नका लिहू," एकजण म्हणाला. "लोक गाफील राहतील. कचेरीची सूचना आहे मोबाईलवर."

"मी सांगतो ना, येणार आहे."

"तुम्ही एकटे सांगता. तिकडे सहा ठिकाणी आहे."

गुरुप्रसादने तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, दमलात तुम्ही. आराम करा."

मुलांनो, आपलाच शब्द आपल्याविरुद्ध उभा राहिला की त्याच्याशी कसं भांडायचं, हे कुठल्याच कचेरीत शिकवत नाहीत.

वेदिका शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, ती बातमी कोणाची होती ते नाही लिहिलंत."

"जागा उरली नाही."

फळ्यावर खाली वीतभर जागा होती. दोघांनाही ती दिसत होती. उद्या सभा होती, फळा भिंतीवर टिकला होता, आणि तो कशामुळे टिकला हे त्या वीतभर जागेत लिहावं लागणार होतं. तांबेकाका खडू खिशात घालून घरी गेले. जेवले नाहीत. कमलाकाकूंनी विचारलंही नाही.

रविवारी सकाळी सभेला सगळे फाटकाशी जमले. पाणी आलं होतं, पण ते कोणालाच माहीत नव्हतं. घरोघरी भांडी भरलेली, मग नळ सोडून बघतो कोण? मोबाईलवर पाणी नव्हतं, म्हणजे नव्हतं. सभा सुरू होणार, इतक्यात वेदिका गर्दीतून पुढे आली, हातातला पेला नळाखाली धरला आणि नळ सोडला. पाणी इतक्या जोराने आलं की पेला निसटता निसटता राहिला. तिने तो भरून खडूच्या फळीवर ठेवला.

गर्दी पुढे सरकली. एकाने मोबाईल बघितला, मग पेला बघितला, मग पुन्हा मोबाईल.

तांबेकाका पुढे आले. पेल्यातल्या पाण्याने त्यांनी फडकं भिजवलं, फळा स्वच्छ पुसला आणि लिहिलं: "कालची पाण्याची बातमी प्रथम याच फळ्यावर आली. ती मी चौकशी न करता लिहिली. बाकीच्यांनी ती माझ्याकडून घेतली आणि मी ती त्यांच्याकडून परत घेतली. महेंद्र तांबे." लिहिताना पाठीशी सगळी कॉलनी उभी होती. त्यांनी कोणाला मागे सरका म्हटलं नाही. दीपगृह काढलं, पण किरण काढले नाहीत.

पुढे काय झालं असेल? तुम्हाला वाटेल, लोक तांबेकाकांवर तुटून पडले. तसं नाही. लोक गुरुप्रसादवर तुटून पडले. प्रत्येकाला पिंप परत करायचं होतं, गुरुप्रसाद म्हणत होता की ओलं झालेलं पिंप दुकान परत घेत नाही, आणि त्या गदारोळात भिंतीवरच्या रंगीत फलकाची आठवण त्याला स्वतःलाही राहिली नाही. शेवटी गंगुबाईच म्हणाल्या, "फळो ऱ्हवां दे. पन तुमचा ता 'समजते' बंद. कोनी बगितलान त्याचा नाव घाला." सभेचा तेवढाच ठराव झाला. जानूला मात्र सगळ्यांनी चहा पाजला, कारण आता सगळ्यांकडे पाणी होतं.

दुपारी तांबेकाकांनी जरा भीतभीतच रीडर उघडला. सागर सकाळी तिथे होताच. पहिली बातमी: फळ्यावरील बातमी चुकीची, निवृत्त कर्मचाऱ्याची कबुली. दुसरी: पाणी प्रकरणात धक्कादायक खुलासा. तिसऱ्या ठिकाणी विश्वसनीय सूत्रं होती. चौथ्या ठिकाणी जाणकार. खाली जहाजं, फणसाची भाजी आणि वृश्चिक रास रांगेत उभी होती. तांबेकाकांनी सुस्कारा सोडला, चष्मा चढवला आणि नेहमीच्या शिस्तीने सगळ्यात जुन्या बातमीपासून वाचायला घेतलं.

वेदिका थोडा वेळ मागे उभी राहून बघत होती. मग तिने त्यांच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि 'सगळं वाचलं' दाबलं. आकडा शून्य झाला. आजोबांनी चष्मा काढून ठेवला.

ती उद्यासाठी फळा पुसायला फाटकाकडे गेली आणि तिने खिळ्याचं फडकं काढलं. नळाला पाणी असणार हे तिला ठाऊक होतं. तरी ती आधी वाकली, नळ सोडला, पाणी येतंय हे बघितलं, आणि मगच फडकं त्याखाली धरलं.